‘आपलाच माणूस आहे’ म्हणून थांबू नका

ताई, नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. आमचा चौदा जणांचा आकाशदर्शनाचा गट आहे. गेली नऊ वर्षं आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांत, दोन आश्रमशाळांत आणि बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका कार्यशाळेत जाऊन ग्रहतारे दाखवतो. थंडीत रात्रभराचे कार्यक्रम असतात. मानधन कुणी घेत नाही. गट सुरू केला तो एका निवृत्त शिक्षकांनी. ते आम्हा सगळ्यांचे ‘सर’. दुर्बीणही त्यांचीच.

गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने आमच्या एकोणीस वर्षांच्या स्वयंसेविकेला सांगितलं, की सर तिला रात्री मेसेज करतात, फोटो मागतात, ‘हे आपल्या दोघांतच’ असं लिहितात. मागच्या कार्यक्रमात दुर्बिणीतून बघताना त्यांनी तिच्या कमरेला हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं तिने आधीच वचन घेतलं होतं. आमची स्वयंसेविका दोन रात्री झोपली नाही, मग माझ्याकडे आली. मी गटातल्या तीन ज्येष्ठांशी बोलले. एक म्हणाले, आधी सरांशी बोलून बघू. दुसरे म्हणाले, पोरीचा गैरसमज झाला असेल, सर सगळ्यांनाच नातवंडांसारखं वागवतात. तिसरे म्हणाले, नऊ वर्षांचं काम एका दिवसात बुडेल.

आणखी एक. कार्यशाळेतला चोवीस वर्षांचा एक मुलगा आमच्या एका स्वयंसेवकाला दर महिन्याला मोबाइलचं रिचार्ज मारून देतो, असं परवा कळलं. विचारलं तर ‘तो खुशीने देतो’ असं उत्तर आलं. हे चालतं का? आणि आमच्यासारख्या बिनपैशाच्या गटाने पोलीस पडताळणी वगैरे करायची का? माणसं दुखावतील. पुढच्या अमावास्येचा कार्यक्रम ठरलेला आहे. तो रद्द करू का?

— एक कार्यकर्ती

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मिळालं त्याच रात्री मी तुम्हाला ईमेलने उत्तर पाठवलं. सदर प्रसिद्ध व्हायची वाट बघण्याइतका वेळ या गोष्टीत नव्हता. तेच उत्तर इथे सविस्तर देते आहे, कारण असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही. कधी नाटकाचं शिबिर असतं, कधी गिर्यारोहणाचं, कधी सुट्टीतले संस्कारवर्ग. बाकी हकिकत जवळजवळ हीच. गाव, वयं, आकडे असे ओळख पटवणारे तपशील मी बदलले आहेत. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आधी तातडीचं. पोलीस ठाण्यात जा, आजच. तुम्ही आणि तुमची ती स्वयंसेविका, दोघी जा. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणाहीबाबत असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्याने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. उलट, प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याबद्दल दावा किंवा खटला होऊ शकत नाही. तेव्हा तुमच्या तिन्ही ज्येष्ठांना सांगा, की कळवायचं की नाही हा विषय बैठकीत घेण्यासारखा राहिलेलाच नाही.

ठाण्यात गेल्यावर तुमची माहिती लिहून घेतली जाईल, तुम्हाला वाचून दाखवली जाईल आणि तिला नोंद क्रमांक पडेल. तो क्रमांक मागून घ्या. मुलीला ठाण्यात घेऊन जायची गरज नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असताना घ्यायचा असतो. हे सगळं कायद्यातच लिहिलेलं आहे. ठाण्यात कुणी ‘बाई, घरातच मिटवा’ असं म्हणालं, तर शांतपणे हेच सांगा. तरीही नोंद घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या. १०९८ वर फोन करा. मुलांसाठीचा हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता तो सरकार चालवतं आणि दिवसरात्र उचलला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, बाल कल्याण समिती असते. त्यांचे फोन क्रमांक आजच वहीत उतरवून ठेवा.

आता ‘आधी सरांशी बोलून बघू’ याबद्दल. तुमच्या ज्येष्ठांच्या मनात वाईट काही नाही, हे मला दिसतं. ज्या माणसाबरोबर नऊ थंड्या माळरानावर काढल्या, त्याच्या पाठीमागे पोलिसांत जाणं त्यांना बेइमानी वाटत असणार. पण बोलून बघितलंत तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. सर नाही म्हणतील. ते खरं बोलत असोत वा खोटं, नाहीच म्हणतील. त्या रात्री मेसेज पुसले जातील. दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी कुणीतरी ओळखीचं माणूस जाऊन बसेल. तिसऱ्या दिवशी ती म्हणेल, ‘मी असं म्हणालेच नव्हते.’ मग तुमच्यातले सगळे सुटकेचा श्वास टाकतील, आणि ती मुलगी आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. चौकशी तुम्ही करायची नाही. सर दोषी आहेत असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. ते ठरवायला पोलीस आहेत, न्यायालय आहे. तुमच्या हातात एवढंच आहे, की चौकशी संपेपर्यंत सरांचा कुठल्याही मुलाशी गटाच्या कामातून संबंध येणार नाही, हे बघायचं. त्यांना काय आणि कधी सांगायचं, ते पोलिसांना विचारून ठरवा.

आणि कृपा करून हे प्रकरण गावकीपुढे नेऊ नका. तंटामुक्त समिती बांधाची भांडणं मिटवते, ते चांगलंच काम आहे. पॉक्सोखालच्या गुन्ह्यात तडजोड नसते. पारावर बसून मागितलेली माफी मुलीला काही देत नाही. फक्त गावभर तिचं नाव होतं.

मेसेज मुलीच्या फोनमध्ये असतील तर ते तिथेच राहू द्या. फोन काढून घेऊ नका, आणि त्याचे फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर तर अजिबात टाकू नका. तिने घाबरून एखादा फोटो पाठवला असेल आणि तो तसला असेल, तर तो पुढे पाठवणारा माणूस स्वतः गुन्हा करतो, मग हेतू कितीही चांगला असो. पोलिसांना फोन कुठे आहे ते सांगा, बस.

‘कमरेला हात तर लावला, तोही कपड्यांवरून’ असं तुमच्या गटात कुणीतरी म्हणणार आहे, अजून म्हणालं नसेल तर. त्यांना नागपूरची गोष्ट सांगा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असा निकाल दिला होता, की त्वचेला त्वचेचा स्पर्श नाही म्हणून तो पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि स्पष्ट सांगितलं, की पाहायचा तो हेतू. मुलाशी लैंगिक हेतूने फोनवरून वारंवार संपर्क साधणं हासुद्धा याच कायद्यात वेगळा गुन्हा आहे. सरांचा हेतू काय होता, ते तुम्हाला किंवा मला ठरवायचं नाही. पण एक मोठा माणूस सातवीतल्या मुलीला रात्री ‘हे आपल्या दोघांतच’ असं लिहितो, तेव्हा काळजी करायला तेवढं एक वाक्य पुरेसं आहे. मुलांशी असलेल्या चांगल्या नात्यात गुपितं ठेवावी लागत नाहीत.

‘पण ते आपलेच आहेत हो.’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते ऐकलं की मी जास्त सावध होते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालछळाचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात बोलली. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. अनोळखी माणसाला मुलं घाबरतात, पालक जवळ येऊ देत नाहीत. ज्याला जवळ यायचं आहे तो आधी आपला होतो. दुर्बीण आणतो, खाऊ आणतो, गरीब मुलाची फी भरतो, आईला ‘काळजी करू नका, मी सोडतो घरी’ म्हणतो. असं करणारे बहुतेक लोक खरोखर भले असतात, हेही तितकंच खरं. वरवर बघून दोघांतला फरक कळत नाही, म्हणूनच नेम घालून घ्यावे लागतात.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लोक विसरतात. छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मुलगे बोलत नाहीत, आणि बोलले तर आपल्याला ऐकू येत नाही. मला आलं नव्हतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका उन्हाळी शिबिरात मदतनीस होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा झोपायच्या वेळी माझ्या ओढणीचं टोक धरून म्हणाला, ‘मला त्या काकांच्या खोलीत नाही झोपायचं.’ मी म्हणाले, ‘असा हट्ट करायचा नाही, सगळे झोपतात ना?’ तो गेला. काय घडत होतं ते दोन वर्षांनी दुसऱ्याच एका मुलाकडून उघडकीला आलं. तो हात मी सोडवून घेतला होता. आज या विषयावर लिहिताना मी इतकी ठाम असते, त्याचं कारण ते ओढणीचं टोक आहे.

म्हणून तुमच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला माझा निरोप सांगा. तिच्याशी कुणीतरी बोललं, कारण तिच्याशी बोलावंसं वाटलं. तिने वचन मोडलं असं तिला वाटत असेल, तर तिला सांगा, की असं वचन द्यायचंच नसतं, आणि हे तिला कुणी शिकवलं नाही ही तुमच्या गटाची चूक आहे, तिची नाही. यापुढे एखादं मूल ‘कुणाला सांगणार नाही ना?’ म्हणालं, तर उत्तर ठरलेलं असू द्या: ‘तू सांग, मी ऐकते. तुला त्रास होत असेल तर मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल, पण तुला न सांगता मी काही करणार नाही.’ मूल बोलायला लागलं की मध्ये प्रश्न घालू नयेत. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ असं तर कधीच विचारू नये, कारण पुढे न्यायालयात नेमकं तेच वाक्य उलटं फिरतं. ‘बरं, मग?’ एवढंच म्हणावं. शेवटी तिला तीन गोष्टी ऐकू येऊ द्याव्यात: तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे. मग लगेच, तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं. पोरीने ‘शी-ची जागा’ म्हटलं असेल तर तेच लिहावं, आपले शुद्ध शब्द घालू नयेत. तुमच्या स्वयंसेविकेने अजून लिहिलं नसेल तर ठाण्यात जाण्यापूर्वी लिहायला सांगा.

आणि मुलीला पुन्हा पुन्हा बोलवून खात्री करून घेऊ नका. मुख्याध्यापकांसमोर एकदा, ज्येष्ठांसमोर एकदा, आईसमोर एकदा. चौथ्या वेळेला ते मूल गप्प होतं.

तिच्या आई-वडिलांचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मधे वाचलं. त्यांना कळलं तर शाळा बंद होईल, दोन वर्षांत लग्न उरकतील, हीच भीती आहे ना? ही भीती खोटी नाही. मी अशी घरं बघितली आहेत. पण त्यांच्यापासून लपवून ठेवणं हा उपाय नाही; त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त वाईट होईल. बाल कल्याण समितीकडे मुलीसाठी सहाय्यक व्यक्ती मागता येते. तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहणं हेच तिचं काम. शक्य असेल तर अशा अनुभवी बाईला घेऊनच घरी जा. वडील भडकतील, आई रडेल. त्या वेळी कायदा सांगत बसू नका. एवढंच सांगा, की पोरीने धाडस केलं आहे, ती हुशार आहे, आणि तिची शाळा एक दिवसही चुकता कामा नये. त्या मुलीला आत्ता जे दिसतं आहे ते असं: मी बोलले, आता माझं काय होणार? तिचं काहीही काढून घेतलं गेलं नाही, हे तिला दिसलं पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मुलांना आणि स्त्रियांना वकील मोफत मिळतो, आणि अत्याचार सोसलेल्यांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजनाही तिथूनच चालते. त्यात तिचं प्रकरण बसतं का, ते तिथे विचारा.

‘नऊ वर्षांचं काम बुडेल’ म्हणणाऱ्या तुमच्या तिसऱ्या ज्येष्ठांसाठी एक उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांना माहिती असूनही त्यांनी कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि म्हटलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि पुष्कळदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. गप्प बसलेल्या गटाचं काम खरोखर बुडतं. बोललेल्या गटाला त्रास होतो, वर्ष-दोन वर्षं वाईट जातात, पण शाळा पुन्हा दार उघडतात. पालक मूर्ख नसतात.

आता तुमच्या कामाकडे येते. त्यात एक अडचण आहे, जी संस्कारवर्गाला नाही: तुम्हाला काळोख लागतो. अमावास्येच्या आसपासची रात्र, गावापासून लांबचा माळ, लाल कागद लावलेल्या विजेऱ्या. शनीची कडी बघायला शंभर मुलं रांगेत, आणि दुर्बिणीपाशी एक मोठा माणूस, एक मूल. उंची पुरत नाही म्हणून लहान मुलांना कमरेला धरून उचलायचं, हे तर सगळेच करतात. मीही माझ्या भाच्याला तसंच उचलून चंद्र दाखवला आहे. पण यापुढे दुर्बिणीपाशी पाट ठेवा, दोन पायऱ्यांचं स्टूल ठेवा, आणि मुलांना अंगाला हात न लावता चढू द्या. दुर्बिणीशेजारी एका वेळी दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत, आणि त्यातली एक बाई. एक जण नळी सांभाळेल, दुसरी रांग. लघवीला जायचं असेल तर मुलं तिघातिघांनी जातील, सोबत शाळेच्या बाई. माळाच्या एका कोपऱ्यात, दुर्बिणीपासून लांब, एक साधा पिवळा दिवा जळता राहू द्या. तिथे सतत कुणीतरी बसलेलं असेल, आणि ज्याला भीती वाटते, थंडी वाजते, काही सांगायचं आहे, त्याने तिथे जायचं. कर्णबधिर मुलं आली तर हा दिवा आणखीच गरजेचा आहे. अंधारात त्यांना खुणा दिसत नाहीत, म्हणजे त्यांचं तोंडच बांधल्यासारखं होतं, हे आपल्या लक्षातही येत नाही.

झोपण्याची सोय शाळेच्या शिक्षकांकडे सोपवा. गटातल्या कुणी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. कुठल्याही मुलाला एकट्याने मोटारसायकलवर घरी सोडायचं नाही, पाऊस असो की उशीर. मुलांचे नंबर स्वयंसेवकांकडे नसावेत. निरोप पालकांच्या किंवा शाळेच्या गटावरच जातील, ‘सर, तो लाल तारा कुठला?’ याचं उत्तरसुद्धा तिथेच. फोटो पाठमोरे, घोळक्याचे. चेहरा, नाव आणि शाळा एकत्र कधीच नाही. हे सगळं एका पानावर मराठीत लिहा, प्रत्येकाची सही घ्या आणि शाळेला आधी पाठवा. त्याच पानावर दोन नावं हवीत, एक बाई आणि एक पुरुष. काही खटकलं तर कुणीही, अगदी काल आलेल्या पोरानेही, त्यांना थेट सांगायचं. गट सुरू करणारा माणूस त्या दोघांत नसावा, कारण त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली तर जायचं कुठे?

पडताळणी करायचीच. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची, कंत्राटी धरून सगळ्यांची, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला, तेव्हा आरोपी साफसफाईसाठी नुकताच आलेला कंत्राटी माणूस होता. लोक रुळांवर उतरले. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर माहिती न कळवल्याचाही गुन्हा नोंदला गेला. नियमाचे शब्द कर्मचाऱ्यांबद्दल आहेत, तुमचे लोक स्वयंसेवक आहेत, हे मान्य. पण मुलाला तो फरक कळत नाही. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. माणसं दुखावतील म्हणता, तर सगळ्यात आधी स्वतःचा अर्ज भरा आणि दाखला गटात दाखवा. त्यानंतर कुणाला दुखावलं जायला कारण उरत नाही. मात्र कोरा दाखला म्हणजे निर्धोक माणूस, असं समजू नका. पोलिसांत कधी गेलंच नाही ते दाखल्यात कुठून येणार? नवीन माणूस आधी जिथे काम करत होता तिथे दोन फोन करा, आणि सरळ विचारा: ‘याला पुन्हा मुलांबरोबर ठेवाल का?’ समोरचा माणूस उत्तराआधी किती थांबतो, तेही ऐका.

आता कार्यशाळेतला तो रिचार्जवाला. तुम्ही त्याला ‘मुलगा’ लिहिलंत. तो चोवीस वर्षांचा पुरुष आहे. हे मी चूक काढायला म्हणत नाही. या शब्दातूनच पुढचे घोटाळे होतात. एकीकडे आपण त्याला बाळ समजतो, त्याला न विचारता त्याचे फोटो काढतो, गालाला हात लावतो. दुसरीकडे त्याच्या पैशाचा विषय आला, की लगेच ‘तो मोठा आहे, खुशीने देतो’. दोन्ही सोयीचं झालं.

कायद्याने तो मूल नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका स्त्रीचं प्रकरण होतं. वय अडतीस, बौद्धिक वय सहा ते आठ वर्षांचं. तिला पॉक्सोचं संरक्षण मिळावं अशी मागणी होती. न्यायालयाने सांगितलं, की त्या कायद्यात वय म्हणजे जन्मापासून मोजलेलं वय. त्यामुळे तुमच्या कार्यशाळेतल्या लोकांसाठी पॉक्सोतली कळवण्याची सक्ती लागू होत नाही, आणि नेमकी इथेच माणसं ढिली पडतात. त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे छळ, हिंसा किंवा शोषण होत असल्याचं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्यात साधारणपणे तहसीलदारांना, कळवू शकतो आणि त्यांना लगेच पावलं उचलावी लागतात. दिव्यांग स्त्रीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तक्रार तिच्या घरी येऊन, दुभाष्या किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन नोंदवून घ्यायची असते. हे कार्यशाळेतल्या बायांना आणि त्यांच्या घरच्यांना माहीत असू द्या.

रिचार्जचं उत्तर सरळ आहे: चालत नाही. दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न असेल, पण मैत्री टिकवायची तर दर महिन्याला काहीतरी द्यावं लागतं, हे तो शिकतो आहे. उद्या मागणारा दुसरा असेल आणि मागणी वेगळी. स्वयंसेवकाने घेतलेले पैसे परत करावेत, आणि तेही तिसऱ्या माणसासमोर. मग रिचार्ज देणाऱ्याशी तुम्ही स्वतः बोला, त्याच्या आईशी नंतर. साध्या वाक्यांत विचारा: ‘रिचार्ज नाही दिलंस तर काय होईल असं तुला वाटतं?’ त्याच्या उत्तरावरून तुम्हाला कळेल, की एवढंच होतं की आणखी काही. आणखी काही निघालं तर कलम ७ आहेच. तो स्वयंसेवक तूर्तास कार्यशाळेत जाणार नाही. आकाश दाखवायला जाल तेव्हा प्रत्येकाला आधी विचारा: हात धरू का, फोटो काढू का? ‘नाही’ म्हणाला तर ‘बरं’ म्हणा आणि पुढे चला. आयुष्यभर ज्याच्या ‘नाही’ला कुणी विचारलं नाही, त्याला एकदा तरी तो शब्द चालतो हे कळलं, तर तुमच्या गुरूच्या चंद्रांइतकंच मोलाचं काही तो घरी घेऊन जाईल.

अमावास्येचा कार्यक्रम रद्द करू नका. रात्रभराचा मात्र करू नका. सात ते नऊ, शाळेच्या मैदानावर, पालकांना बोलावून. सरांची दुर्बीण वापरू नका, ती झाकून त्यांच्याकडे परत पोचवा, तुमच्यापैकी दोघांनी मिळून आणि पोलिसांना सांगून. ज्या माणसाच्या वस्तूवर गट चालतो त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ उचलत नाही, हे तुम्ही गेल्या आठवड्यात अनुभवलंच आहे. पुढची दुर्बीण वर्गणीतून, गटाच्या नावावर घ्या. तोवर मुलांना मृग दाखवा, व्याध दाखवा, आणि कृत्तिकांत साध्या डोळ्यांनी किती तारका मोजता येतात ते विचारा.

ठाण्यातून परत आलात की मला दोन ओळी लिहा. नोंद क्रमांक मिळाला का, तेवढं तरी कळवा.

तुमची,
ताई